परदेशी विद्यार्थ्यांमुळे लहान गावाला काय मिळतं? केप ब्रेटनच्या जमाखर्चातून

प्रश्न नाशिकच्या एका वडिलांचा आहे. त्यांच्या मुलीला कॅनडात, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनी इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. नातेवाईक त्यांना सांगतात, "त्या लहान गावांना पोरं नको असतात, पोरांची फी हवी असते." ते विचारतात, गावाला आमच्या मुलांचा खरंच काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर तो नेमका कोणाला?

मी या सिडनीत चौदा वर्षं हिशेबनिसाचं काम करतो. मोठ्या कंपन्या माझ्याकडे येत नाहीत. कोपऱ्यावरची दुकानं, एक सलून, दोन मोटेलं, गॅरेजवाले, आणि घराचा खालचा मजला भाड्याने दिलेली निवृत्त माणसं, ही माझी गिऱ्हाइकं. त्यांचे जमाखर्च दर महिन्याला माझ्या टेबलावर येतात, म्हणून तुमच्या प्रश्नावर मी ठामपणे बोलू शकतो. फी गावाला मिळत नाही, ती विद्यापीठाला मिळते. गावाला मिळतं ते तुमच्या मुलीचं इथलं राहणं. ती भाडं देते, भाजी घेते, बस धरते, कामाला जाते, आणि शिक्षण झाल्यावर थांबली तर थांबते. फीचा पैसा आणि राहण्याचा पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या काही वर्षांत कॅनडात त्यांची गल्लत झाली आणि त्याचा त्रास विद्यार्थ्यांनाही झाला, गावांनाही.

आधी गावाची ओळख करून देतो, कारण सिडनी म्हटलं की आपल्याकडे ऑस्ट्रेलियाच डोळ्यांपुढे येते. ही सिडनी केप ब्रेटन बेटावर आहे, हॅलिफॅक्सपासून साधारण ४०० किलोमीटर. शंभर वर्षं हे गाव कोळसा आणि पोलाद यांवर जगलं. १९६७ साली पोलाद कारखान्याच्या मालक कंपनीने तो बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा प्रांत सरकारने तो ताब्यात घेतला आणि कसाबसा चालवला. २००१ साली तो कायमचा बंद झाला आणि त्याच वर्षी शेवटची सरकारी भूमिगत खाणही. इथल्या घराघरातली तरुण मुलं अल्बर्टा आणि ओंटारिओ या प्रांतांकडे कामाला गेली. सिडनी आणि आसपासची खाणगावं मिळून जी एक नगरपालिका आहे, तिची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १,०५,९६८ होती, २०१६ साली ९४,२८५. मी आलो तेव्हा मुख्य रस्त्यावर दर तिसऱ्या-चौथ्या दुकानाच्या काचेवर 'भाड्याने देणे आहे' असा कागद असायचा.

केप ब्रेटन विद्यापीठात तेव्हा स्थानिक आणि परदेशी मिळून तीन-साडेतीन हजार विद्यार्थी होते. २०१८ नंतर आकडा चढत गेला आणि २०२३ च्या सुमारास नऊ हजारांच्या आसपास पोचला. त्यातले बहुसंख्य परदेशी आणि परदेशींत सर्वांत जास्त भारतातले. पंजाब, केरळ, गुजरात, आणि हळूहळू आपल्याकडचेही. ९४ हजारांच्या वस्तीत इतकी तरुण मंडळी उतरली तर काय होईल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

आता पैशाचा माग काढू. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचा पुरावा म्हणून तुम्ही कॅनडातल्या बँकेत जी ठेव ठेवता, ज्याला सगळे जीआयसी म्हणतात, ती रक्कम २०२३ अखेरपर्यंत १०,००० कॅनेडियन डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी २२,८९५. आपल्या पैशात चौदा लाखांच्या आसपास. मुलगी इथे पोचली की त्यातली थोडी रक्कम एकदम हातात येते आणि उरलेली दरमहा हप्त्याने, वर्षभर. तुमच्या दृष्टीने ती व्हिसाची अट आहे. गावाच्या दृष्टीने दर महिन्याला बाहेरून येणारी मनीऑर्डर आहे. हजार विद्यार्थी धरले तर वर्षाला जवळपास २ कोटी २९ लाख डॉलर, आणि ते सगळे गावाबाहेरून आलेले.

'बाहेरून आलेले' या शब्दांकडे लक्ष द्या. आपलं गाव श्रीमंत झालं असं लोकांना वाटतं तेव्हा बऱ्याचदा गावातलाच पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो. माझ्या सलूनवालीने माझ्याकडे हिशेब करून घेतला आणि मी तिच्याकडे केस कापून घेतले, तर त्याने गावात नवा पैसा येत नाही. इथे पूर्वी पोलाद बाहेर जायचं आणि पैसा आत यायचा. आता कोणतीही वस्तू बाहेर न पाठवता पैसा आत येतो, कारण गिऱ्हाईकच इथे राहायला येतं. आणि तो पैसा मूळचा कुणाचा, तर नाशिकला घरावर कर्ज काढणाऱ्या तुमच्यासारख्या आईबापांचा. तुम्ही या गावात गुंतवणूक करताय, म्हणून तुम्हाला प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

या पैशाचा सर्वांत मोठा वाटा भाड्यात जातो आणि तोच गावात सर्वांत जास्त टिकतो. याचं कारण साधं आहे. मुलीने मोठ्या साखळी दुकानातून शंभर डॉलरचा किराणा घेतला, तर कामगारांचा पगार आणि थोडाफार खर्च सोडला तर बाकीची रक्कम त्याच दिवशी गावाबाहेर, कंपनीच्या मुख्यालयाकडे निघून जाते. पण तिचं भाडं ज्या आजीबाईंना मिळतं, त्या ते इथेच खर्च करतात. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंचे यजमान खाणीत होते. ते वारल्यावर एवढं मोठं घर हिवाळ्यात गरम ठेवायचं तेल परवडत नव्हतं, घर विकायच्या बेतात होत्या. मग त्यांनी वरच्या दोन खोल्या मुलींना दिल्या. पुढच्या वर्षी छप्पर बदललं, त्याच्या पुढच्या वर्षी गरम पाण्याची टाकी. छप्परवाला इथला, प्लंबर इथला, दोघंही माझेच गिऱ्हाईक. एकाच भाड्याची नोंद मी तीन वह्यांत उतरवली. अर्थशास्त्रातले लोक याला गुणक म्हणतात. मला तो त्या तीन वह्यांत दिसला.

दुसरा फायदा आकड्यांत पटकन सापडत नाही, तो ऋतूचा. केप ब्रेटनचं पर्यटन जून ते ऑक्टोबर. कॅबट ट्रेलच्या घाटरस्त्यावरची पानं लाल होऊन गळली की गाड्या थांबतात. पूर्वी जानेवारी ते एप्रिल माझ्या दुकानदारांचा जमाखर्च उणे असायचा, उन्हाळ्यात कमावलेलं हिवाळ्यात संपायचं. विद्यार्थी सप्टेंबरात आणि जानेवारीत येतात आणि नेमके त्या थंडीच्या महिन्यांत इथेच असतात. बर्फाचे बूट, जाड कोट, फोनचं कार्ड, जुनी गादी, जुनं टेबल, शनिवारी रात्रीचा पिझ्झा. एका दुकानदाराचा फेब्रुवारी पहिल्यांदा नफ्यात आला, तेव्हा तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, चूक तर नाही ना झाली? चूक नव्हती.

तिसरी गोष्ट कामाची, आणि इथे लोक हमखास चुकतात. मुलं पार्ट-टाइम काम करून मिळवतात तो पैसा गावासाठी नवा नसतो, तो गावातूनच त्यांना मिळतो. गावाचा फायदा त्यांच्या कामात आहे. नोव्हा स्कोशियात गेली काही वर्षं जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत आणि केप ब्रेटन तर त्यातही म्हातारं. वृद्धाश्रमात रात्रपाळीला, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, पेट्रोलपंपावर उभं राहायला माणूस मिळत नव्हता. माझ्या एका गिऱ्हाइकाने केवळ माणसांअभावी आठवड्यातून दोन दिवस हॉटेल बंद ठेवलं होतं. दोन विद्यार्थी कामाला लागले आणि सातही दिवस सुरू झालं. त्या दोघांमुळे तिथे काम करणाऱ्या पाच स्थानिकांचे कामाचे तासही वाढले.

चौथी गोष्ट करांची, थोडक्यात सांगतो. घरभाड्यावर आणि साध्या किराण्यावर इथे विक्रीकर नाही, पण कपडे, फोन, बाहेरचं खाणं यांवर आहे. पूर्वी १५ टक्के होता, एप्रिल २०२५ पासून १४. तो प्रांताकडे आणि ओटावाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे जातो. नगरपालिकेचं उत्पन्न मुख्यतः घरपट्टीवर चालतं. म्हणजे वाढलेल्या वस्तीसाठी रस्ता, पाणी, बर्फ उपसणं हे सगळं पालिकेने करायचं आणि वाढीव कर दुसऱ्यांच्या तिजोरीत. कॅनडातल्या बऱ्याच लहान गावांची हीच तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते. बस मात्र सुधारली. विद्यापीठ सिडनी आणि ग्लेस बे यांच्यामधल्या हमरस्त्यावर आहे, गाडी नसेल तर बसशिवाय गत्यंतर नाही. विद्यार्थी वाढले, प्रवासी वाढले, फेऱ्या वाढल्या. दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याच फेऱ्या उपयोगी पडतात.

(२०१२ साली मी तूरडाळीसाठी हॅलिफॅक्सला जायचो, जाऊन-येऊन ८०० किलोमीटर. आता ती घरापासून दहा मिनिटांवर मिळते. जमाखर्चात ही नोंद कुठे करावी कळत नाही, पण माझ्या बायकोला विचाराल तर ती हाच फायदा पहिला सांगेल.)

आता तुमच्या नातेवाईकांच्या म्हणण्याकडे येतो. फीसाठी बोलावतात हे काही ठिकाणी अक्षरशः खरं होतं. ओंटारिओच्या उत्तरेला टिमिन्स नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव आहे, वस्ती ४१ हजारांच्या आसपास, टोरोंटोपासून सातशे किलोमीटर. तिथल्या नॉर्दर्न कॉलेजने टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या एका खासगी कॉलेजशी करार केला होता. प्रवेशपत्रावर नाव टिमिन्सच्या कॉलेजचं, वर्ग स्कारबरोत. फीचा हिस्सा उत्तरेच्या कॉलेजला मिळाला आणि त्याने तिथला कारभार चालायला मदत झाली असेल. पण टिमिन्सच्या घरमालकाला भाडं नाही, दुकानाला गिऱ्हाईक नाही, बसला प्रवासी नाही. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये, सत्र सुरू व्हायला थोडेच आठवडे उरले असताना, याच व्यवस्थेतले पाचशेवर प्रवेश रद्द झाले, बहुतेक भारतातल्या मुलांचे. कुणी विमानाचं तिकीट काढलेलं, कुणी नोकरी सोडलेली. अशा करारांतून शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळणार नाही, असं सरकारने पुढे २०२४ च्या जानेवारीत जाहीर केलं.

हे असं का झालं तेही समजून घ्या. ओंटारिओ सरकारने २०१९ साली स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि मग गोठवली. अनुदान त्या मानाने वाढवलं नाही. खड्डा भरायचा कुठून, तर परदेशी फीतून. प्रांताच्या महालेखापरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालात हे उघडच लिहिलं आहे: सरकारी कॉलेजांत परदेशी विद्यार्थी साधारण ३० टक्के, पण फीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के. एकाच गिऱ्हाइकावर दोन तृतीयांश धंदा अवलंबून असेल, तर मी माझ्या दुकानदाराला रात्री झोपू देणार नाही.

आमच्या सिडनीत मुलं खरोखर राहायला आली, म्हणून फायदा गावात उतरला. पण घरं मात्र पुरेशी नव्हती. कमी होत जाणाऱ्या गावात वर्षानुवर्षं कुणी भाड्याची घरं बांधलीच नव्हती आणि तयारी न करता विद्यार्थिसंख्या दुप्पट-तिप्पट झाली. वर्ग कमी पडले म्हणून विद्यापीठाने काही तासिका गावातल्या सिनेमागृहात घेतल्या. भाडी चढली. प्रांतात भाडेवाढीवर २ टक्क्यांची मर्यादा होती, २०२४ पासून ती ५ टक्के झाली, पण ती चालू भाडेकरूलाच लागू. ठरावीक मुदतीचा करार करायचा, मुदत संपली की नव्या माणसाला नव्या दराने द्यायचं, ही पळवाट माझ्याही काही गिऱ्हाइकांनी वापरली. त्यातल्या दोघांशी माझं भांडण झालं आणि एकाचं काम मी सोडलं. याचा मार फक्त विद्यार्थ्यांना बसला नाही. गावातल्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या भाडेकरूंनाही बसला आणि काही लोक मुलांकडे रागाने बघायला लागले. घरं नाहीत हा दोष मुलांचा नव्हता.

२०२२ च्या डिसेंबरात सिडनीत विद्यार्थी राहत असलेल्या एका घराला आग लागली आणि भारतातून आलेला एक विद्यार्थी त्यात गेला. त्यानंतर घरांची तपासणी, धुराचे इशारे देणारी यंत्रं, एका घरात किती माणसं, यावर गावात उघड बोलणं सुरू झालं. ते बोलणं आधी व्हायला हवं होतं. आम्ही सगळे भाड्याचे आकडे बघून खूश होतो, मीसुद्धा.

मग २२ जानेवारी २०२४ ला केंद्रीय मंत्री मार्क मिलर यांनी संपूर्ण देशासाठी मर्यादा जाहीर केली: त्या वर्षी साधारण ३,६०,००० नवे स्टडी परमिट, आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. मोठ्या शहरांतल्या घरटंचाईचा त्यामागे मोठा भाग होता, पण झळ लहान गावांना जास्त लागली, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ओंटारिओतल्या अल्गोन्क्विन कॉलेजने २०२५ साली पर्थ या छोट्या गावातलं आपलं केंद्र बंद करायचं ठरवलं. मुलं टोरोंटोत आली नाहीत म्हणून टोरोंटोचं फार बिघडत नाही. पर्थसारख्या गावातलं कॉलेज गेलं की स्थानिक मुलांची शिकायची जागाही जाते. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमुळे इथल्या मुलांचेही वर्ग चालत होते, हे वर्ग बंद व्हायला लागल्यावर लोकांना कळलं.

सगळ्यांत मोठा फायदा मी शेवटी ठेवलाय, तो मुलं थांबण्याचा. कॅनडा सरकारच्या २०१९ च्या धोरणपत्रात परदेशी विद्यार्थ्यांमुळे २०१८ साली देशाला २१.६ अब्ज डॉलर मिळाले असा अंदाज आहे. पण तो देशाचा आकडा, आणि वर्षाचा. गावाला विचाराल तर दोन वर्षं राहून टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला गेलेला विद्यार्थी हा चांगला पाहुणा, आणि थांबलेला विद्यार्थी हा शेजारी. आमच्याकडे दुकानं चालतात, पण मालक सत्तरीला आलेले आणि मुलं कॅलगरीत. अशी दुकानं विकली जात नाहीत, बंद होतात. गेल्या काही वर्षांत अशा तीन व्यवहारांची कागदपत्रं मी केली, ज्यात घेणारे इथलेच माजी विद्यार्थी होते. त्यातल्या एका दुकानाचे मूळ मालक अजून रोज सकाळी तिथे कॉफी प्यायला जातात.

याला पूरक अशी कायमच्या रहिवासाची एक चांगली योजना आहे, अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम. २०१७ साली प्रयोग म्हणून सुरू झाली, २०२२ पासून कायम. नोव्हा स्कोशियासह पूर्वेकडच्या चार प्रांतांत निदान दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला आधीच्या कामाच्या अनुभवाची अट नाही, फक्त पदवीआधीच्या दोन वर्षांत किमान १६ महिने तो या प्रांतांपैकी एकात राहिलेला असावा, आणि इथल्या मालकाने नोकरी देऊ केलेली असावी. बघा, अट फीची नाही, राहण्याची आहे. ज्याने कुणी ती लिहिली त्याला गाव म्हणजे काय ते कळत होतं.

तुमच्या मुलीसाठी यातून निघणारं सांगतो. प्रवेशपत्रावर विद्यापीठाचं नाव आहे, ते पुरेसं नाही. वर्ग कुठल्या पत्त्यावर भरतात ते लेखी विचारा. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळते का ते आजच विचारा. बाहेर राहायचं झाल्यास प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर घर बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका, करार ठरावीक मुदतीचा आहे की चालू राहणारा ते वाचा, धुराचं यंत्र आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का ते मुलीला स्वतः बघायला सांगा. घर बसच्या मार्गावर असावं.

आणि दुसऱ्या वर्षाचा खर्च तिच्या पार्ट-टाइम कामातून निघेल असं धरून कर्ज काढू नका. सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर झालं, म्हणजे त्या दराने पूर्ण २४ तास मिळाले तरी महिन्याला कपातीआधी सतराशेच्या आसपास. ते जेवणखाण आणि भाड्यात जातात, फी त्यातून निघत नाही. आणि पूर्ण २४ तास सगळ्यांना मिळत नाहीत, पहिल्या हिवाळ्यात तर नाहीच.

ती सप्टेंबरात येत असेल तर कोट नाशिकहून घेऊन पाठवू नका. इथल्या थंडीत तो पुरणार नाही. तेवढे पैसे तिच्याकडे राहू द्या, ती इथेच घेईल.